परतीचं भाडं

गुरुवार, १२ फेब्रुवारी
कॉलेजच्या फीच्या खिडकीसमोरच्या बाकावरून

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोलीत ऊन येतं, चिमणीचं घोरणं कमी झालंय. (चिमणी म्हणजे माझ्या खोलीतली वीस वर्षांची पोरगी. मला मावशी नाही, "पार्टनर" म्हणते!) फोनवर तू विचारतेस आणि मी नुसतं "हो गं, हो गं" करते, म्हणून आज लिहायला घेतलं.

खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद आहे. दोनदा उठून पाहून आले.

चष्म्याचा कोर्स चांगला चाललाय. काल मी पहिल्यांदा एका आजोबांचा नंबर काढला. भिंगं बदलता बदलता ते एकदम सगळ्यात खालची ओळ वाचायला लागले आणि मीच दचकले. सर म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा." या वयात कोणी असं म्हटलं की काय करायचं असतं गं? मी भिंग पुसत बसले.

आता पैशांचं. खोली, जेवण, बस, वह्या, परीक्षा अशी पाकिटं तू करून दिलीस. औषधांच्या काउंटरवर दिवसभर उभं राहून मिळवलेले पैसे ते. "आई, एकातलं दुसऱ्यात घालायचं नाही," असा दमही दिलास. पण गेल्या महिन्यात धाकट्याचा फोन आला. त्याच्या मोबाईलची काच फुटली होती आणि बाबांना सांगायची त्याची टाप नव्हती. मी सगळी पाकिटं पलंगावर मांडली. यातलं थांबू शकेल असं कोणतं? खोली थांबत नाही, पोट थांबत नाही. परीक्षा थांबेल असं वाटलं, कारण ती माझी होती. इतकी वर्षं घर असंच चालवलं, हाताला तेच वळण पडलंय. त्याला रागावू नकोस. त्यानं परीक्षेचे पैसे मागितले नव्हते, नुसते पैसे मागितले होते.

परीक्षेची फी भरायची आज शेवटची तारीख. रविवारी तू विचारलंस तेव्हा गॅसवर दूध आहे म्हणून मी फोन ठेवला. दूध नव्हतं. खोलीत गॅससुद्धा नाही.

पुन्हा पाहून आले. बंदच.

छकुले, माझ्याकडे आणखी एक पाकीट आहे. त्यावर काही लिहिलेलं नाही. निघताना तुझे बाबा म्हणाले होते, "करमलं नाही तर सरळ निघून ये, लाजू नकोस." प्रेमानंच म्हणाले. पण पहिल्या आठवड्यापासून मी बस सोडून चालत राहिले आणि परतीचं भाडं साठवलं. वर्गात उत्तर चुकलं, पोरं हसली, की ते पाकीट चाचपायचं, मग जरा धीर येतो. मागच्या शनिवारी तर पिशवी भरून स्टँडवर गेले होते. गाडी लागलेली होती. चढले नाही.

आता त्या पैशांत फी तेवढी भागते. पण मग परतीची वाट उरत नाही. नापास व्हायची भीती नाही गं. भीती ही, की परत गेले तर घरात कोणी काहीच म्हणणार नाही. "आलीस? बरं झालं," एवढंच म्हणतील आणि मी चहा टाकायला उठेन.

खिडकी उघडली. थांब.

भरली. क्लार्क म्हणाला, "मावशी, मुलीला स्वतः यावं लागतं, सही हवी." मी म्हटलं, "मुलगी नोकरीला आहे. सही माझी घ्या." त्यानं फॉर्म लांब धरून वाचला. नंबर वाढलाय त्याचा, तेही सांगून टाकलं.

पावती तुला पाठवत नाही. त्या कोऱ्या पाकिटात ठेवलीय. आणि बाबांना सांग, परीक्षा होईपर्यंत "ये" म्हणू नका.

परतीचं भाडं नसलेली,
तुझी आई