दोन दिवसांच्या बाळाचा निकाल

महबूला, कुवेत
२७ जून २००४

ती. शरददादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (इथे जूनमध्ये फरशीलासुद्धा चटका बसतो, तरी वाकले आहे असं समज.) आम्ही दोघं मजेत आहोत. जयप्रकाश मीना अब्दुल्ला बंदरावरच्या रिफायनरीतून रोज संध्याकाळी उकडून येतो, ताक पितो आणि पुन्हा माणसात येतो. वहिनीचा गुडघा कसा आहे? आणि तुझा घसा? घशाचं मुद्दाम विचारते, कारण माझं पत्र आलं की तू हॉलच्या मधोमध उभा राहून ते सगळ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवतोस आणि शेजारच्या रत्नमालाबाईंना त्यांच्या ओट्यापाशी खुशाली कळते. एकदा सुरू केलंस की शेवटचा शब्द येईपर्यंत थांबायचं नाही, कंससुद्धा गाळायचा नाही, हा तुझा बाणा मला लहानपणापासून ठाऊक आहे. (प्रेमा, तुझ्या हातच्या आमटीला तोड नाही, आणि हे मी लग्नापासून एकदाही बोललो नाही. बघ वहिनी, वदवलं की नाही त्याच्या तोंडून?)

आदित्यच्या दहावीच्या निकालाबद्दल या पत्रात मी अवाक्षर काढणार नाही. तो गणितात उडाला, तू त्याच्याशी बोलणं टाकलंस, ऑक्टोबरला पुन्हा बसवायचं नाही, सरळ सातपूरच्या एखाद्या कारखान्यात चिकटवायचं असं जाहीर केलंस आणि पोरगं खोलीला कडी लावून बसलंय, यातलं मला काहीही माहीत नाही. वहिनीनं फोनवर काही म्हणजे काही सांगितलेलं नाही. तेव्हा तो विषय राहू दे. मी आपली माझ्या नवीन नोकरीची गंमत लिहिते.

नोकरी अशी, की इथल्या एका प्रसूतीच्या दवाखान्यात नुकत्याच जन्मलेल्या बाळांचे कान तपासायचे. चष्म्याच्या घरापेक्षा थोडं मोठं असं एक मशीन आहे. त्याच्या वायरीच्या टोकाला मऊ रबरी बोंडूक असतं, ते बाळाच्या कानात बसवायचं. मशीन आत बारीक चिवचिव करतं आणि कान चांगला असेल तर आतून त्याहून बारीक आवाज परत येतो. म्हणजे चांगला कान उलट उत्तर देतो. (आपल्या घरात याला उद्धटपणा म्हणायचे आणि जेवण बंद व्हायचं.) उत्तर आलं की मशीन हिरवा दिवा दाखवतं, म्हणजे पास. नाही आलं तर पिवळा, म्हणजे पुन्हा करा. बस, दोनच निकाल. आणि अटीही दोनच, बाळ झोपलेलं हवं आणि खोली शांत हवी. बाळ झोपतं रे. खोली काही केल्या झोपत नाही. इथे बाळ झालं की सगळं गोत लोटतं. चॉकलेटांची तबकं येतात, कॉफीचे थर्मास येतात, धुपाटणं फिरतं, प्रत्येकीच्या पर्समध्ये एक मोबाइल आणि प्रत्येक मोबाइलला नवीन गाणं. त्या जत्रेत मी बोट ओठावर ठेवून उभी. मी, मुक्ता, जिला शाळेत गप्प बसवायला बाईंनी तीनदा जागा बदलून दिली होती. नियतीलाही विनोदबुद्धी आहे.

तर गेल्या आठवड्यात उम्म फहद नावाच्या आजीबाईंच्या नातवाचे कान तपासले. दोन्ही हिरवे. मी माझ्या मोडक्या अरबीत सांगितलं, नाजिह, पास झाला. आजीबाईंचा चेहराच पडला. नुसता पास? त्यांच्या घराण्यात म्हणे आजवर कुणी नुसतं पास झालेलं नाही. मार्क किती? वरून नंबर कितवा? आता खरं तर मी नीट समजावून सांगायला हवं होतं, पण मी पडले नाशिकची. टक्के विचारणाऱ्या माणसापुढे माझा आपोआप नाइलाज होतो. इथल्या शाळांत सगळ्यात वरच्या शेऱ्याला ‘मुमताज’ म्हणतात, तो शब्द माझ्या तोंडातून निसटला. मुमताज, दोन्ही कान मुमताज. आजीबाईंनी माझ्या एप्रनच्या खिशात मावतील तेवढी चॉकलेटं कोंबली आणि फोन लावायला घेतले.

पुढचं तू ओळखलंच असशील. तासाभरात शेजारच्या खोलीतली आजी कमरेवर हात ठेवून दारात. काल तिची नात नुसती पास झाली होती, तिच्यात काय कमी होतं? तिला मुमताज दिलं. मग तिच्या समोरच्या खोलीला दिलं. एकीला तर मी ‘मुमताज, आणि शिवाय स्वभाव चांगला’ असंही सांगून बसले. संध्याकाळपर्यंत त्या मजल्यावर साधं पास झालेलं एकही मूल शिल्लक नव्हतं. आमच्या मुख्य सिस्टर, असमा, इजिप्तच्या आहेत आणि फार हसत नाहीत. त्यांनी मला बोलावून मशीन पुढे केलं आणि यातलं मुमताजचं बटण मला दाखव म्हणाल्या. मी खिशातलं एक चॉकलेट पुढे केलं. ते त्यांनी घेतलं, पण शब्दावर बंदी घातली.

इथवर हसलास ना? आता थोडं ऐक. त्याच मजल्याच्या टोकाला नूरबानू होती. दापोलीकडची, म्हणजे आपल्याच भाषेची, पहिलटकरीण. तिच्या मुलीचा दिवा दोनदा पिवळा आला. त्याचं मला काही वाटलं नव्हतं, पहिल्या दिवसांत पुष्कळांचा येतो. कधी कानात ओल असते आणि बहुतेक वेळा दोष बाळाच्या कानात नसून खोलीतल्या गोंगाटात असतो. पण सगळ्या मजल्यावर मुमताजची चॉकलेटं वाटली जात असताना ‘पुन्हा करू’ हा शब्द कसा लागतो ते मला तिचं तोंड बघून कळलं. ती भिंतीकडे कूस वळवून पडली होती. तिचा नवरा बदरुद्दीन शुवैखला गॅरेजमध्ये आहे, दिवसभर इंजिनांवर ओरडून त्याचा आवाज तसाच झालाय. तो बायकोशी बोलत नव्हता, बाळाकडे बघत नव्हता, पण बाळाबद्दल मात्र सारखा बोलत होता. सिस्टरशी, फोनवर भावाशी, येणाऱ्याजाणाऱ्याशी. सगळ्यांची पोरं अव्वल, आमचीच कशी नापास? ऐकूच येत नसेल तर पुढे काय करायचं? दोन्ही वेळा मी कानात बोंडूक बसवत होते तेव्हाही हेच. माझ्या एका शब्दानं दोन दिवसांचं लेकरू नापास झालं होतं.

मग मी तिसऱ्यांदा मशीन उचललं. नातेवाईक बाहेर काढले, मोबाइल बंद करवले, घरघरणारा एसी बंद केला. (जून महिन्यात. कुवेतमध्ये. पाच मिनिटांत भिंतींनासुद्धा घाम फुटला.) बाहेरच्या गलक्याचं काय करावं या विचारात होते तर उम्म फहद दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि त्या मजल्यावरच्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बाईनं नुसत्या डोळ्यांनी अख्खा मजला गप्प केला. राहिला बदरुद्दीन. त्याला मी सांगितलं, भाऊ, तिला उचलून घे आणि तोंड मिटून बस. त्यानं पोरीला छातीशी धरलं. गप्प बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे त्याला बिचाऱ्याला कळेना, म्हणून तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघत बसला. चिवचिव झाली. उजवा हिरवा. मग डावा, जरा वेळ खाऊन, पण हिरवा. नूरबानूनं मान वळवली. मुमताज का, म्हणून बदरुद्दीननं विचारलं ते अगदी हळू आवाजात, आणि मी म्हटलं नाही, पास. पास म्हणजे लई झालं ताई, म्हणाला आणि रडायला लागला. मीही रडले, आणि उम्म फहदना मराठी कळत नसताना त्याही रडल्या. मग एसी लावला.

तर अशी ही नोकरी. पगार बरा आहे, जयप्रकाश म्हणतो घरी आल्यावर मी कमी बोलते, आणि मला खरंच फार सुख आहे. लहानांना पापा, थोरांना नमस्कार, रत्नमालाबाईंना ऐकू गेलाच असेल.

तुझी,
मुक्ता

ता. क. आदित्यला ऑक्टोबरला बसव. एवढ्यासाठीच इतकं लिहिलं, हे तुझ्या केव्हाच लक्षात आलं असेल आणि तरी तू थांबला नसशील. तू त्याच्याशी बोलणं टाकलंस, पण त्याच्याबद्दल बोलणं काही टाकलेलं नाहीस. सकाळी वहिनीशी, दुपारी दुकानात, रात्री फोनवर सगळ्या भावकीशी. त्या गोंगाटात मलासुद्धा नऊचा पाढा आला नसता. तू घाबरला आहेस, मला कळतं ते. बदरुद्दीनही घाबरला होता, म्हणूनच एवढा बोलत होता.

आणखी एक. आदित्य, दाराला कान लावून ऐकतोयस ना? मग ऐक, हा तुझ्या बाबांचा आवाज आहे. ‘आदित्य, बाहेर ये बाळा. ऑक्टोबरला पुन्हा बसू आपण.’ (दादा, शब्द माझे असतील, पण आवाज तुझाच गेला. आता पत्र खाली ठेव आणि गप्प बस. कडी निघाल्याचा आवाज फार बारीक असतो.)