आवाज न करणारं कॅबिनेट

मंगळवार, दुपार

दादा,

चष्म्याचं भिंग घासता घासता तसंच ठेवलं आणि हे लिहायला घेतलं. मालक जेवायला गेलेत, दुकानात कुणी नाही. तुला आणि वहिनीला नमस्कार. इकडे सगळं ठीक.

परवा फोनवर तू यांच्याशी कॉम्प्युटरच्या नव्या कॅबिनेटबद्दल बोललास तेव्हा मी शेजारीच होते. स्पीकर चालू होता. तू विचारलंस, "ठमे, तुला कुठलं पसंत?" मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. पण मला मत आहे. ते इथून कळवते. उत्तर दुकानाच्याच पत्त्यावर पाठव, घरी नको. माझा फोन हे तपासतात. मालकांचा मागता आला असता, पण ते यांना ओळखतात, सहज बोलून जातील.

काचेची बाजू नको. टेबलाखाली वाकून आत कोण बघणार आहे? रंगीत दिव्यांचंही तेच. धुळीच्या जाळ्या मात्र चांगल्या असू देत, काढून धुता येतील अशा. जुन्या कॅबिनेटमधून मी धुळीचे नुसते बोळे काढते. आणि समोर जाळी असलेलं घे, हवा खेळती राहील. पैसे घालायचे तर तिथे घाल.

आतून स्पंज लावलेलं, आवाज दाबणारं जे महागातलं आहे, ते घेऊ नकोस. हे त्याच्यावरच अडून बसलेत. "दादा, पैशाकडे बघू नका, मला घरात शांतता हवी," असं म्हणाले आणि तू हसलास. यांना सांग, त्यात हवा कोंडते, मशीन तापतं. खोटं नाही ते, तूच मागे म्हणाला होतास. तुझ्या दुकानात तो माल नाही म्हणालास तरी चालेल.

एवढंच लिहून पाकीट चिकटवणार होते.

त्या मशीनवर घरातले कॅमेरे चालतात. शेजाऱ्यांकडे चोरी झाली तेव्हा यांनी दाराशी एक बसवला. आता स्वयंपाकघरात आहे. आमच्या खोलीत आहे. हे ऑफिसातून बघायला लागले की मशीनवर ताण येतो आणि त्यातला पंखा वाढतो. घरभर ऐकू येतो. आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग एकदा पंखा वाढला आणि पाठोपाठ फोन आला. "अगं, खिडकीशी एवढा वेळ काय उभी आहेस? भाजी करपेल ना." अगदी हळू. हे कधी ओरडत नाहीत, दादा.

गॅसवर भाजी नव्हतीच.

तेव्हापासून पंखा वाढला की मी भांडी घासते, कपड्यांच्या घड्या घालते. उतरला की बसते. रडायचं असेल तर तेव्हा रडून घेते. तू म्हणशील, बोलत का नाहीस. बोलले होते. त्यानंतर दाराला फोनवरून उघडणारं कुलूप लागलं. मी दुकानातून येते, दारापुढे उभी राहते, आणि हे ऑफिसातून दार उघडतात. कधी लगेच. कधी नाही.

म्हणून मला आवाज करणारं हवंय. पातळ पत्र्याचं, खडखडणारं असेल तर उत्तम. त्या घरात माझ्या बाजूनं तेवढंच एक बोलतं.

तुझी,
ठमी


सोमवार

ठमे,

पत्र अजून वहिनीलाही दाखवलेलं नाही. दुकान बंद केलं, वाचलं, परत वाचलं.

मेहुणेबुवांना फोन केला. म्हटलं, त्या कॅबिनेटमध्ये हवा कोंडते. म्हणाले, "कोंडू दे." मी थट्टेवारी नेलं, "एवढी शांतता हवी तर मशीन बंदच ठेवा की!" हसले नाहीत. मग म्हणाले, "ती तुमच्याशी काही बोलली का?" मी म्हटलं, ती कुठली बोलतेय माझ्याशी. "बरं," म्हणाले. नंतर निरोप आला की कॅबिनेट त्यांनी दुसरीकडून मागवलंय.

काय घ्यावं आणि काय नको, ते सगळं तू बरोबर लिहिलंस. मी गिऱ्हाइकांना हेच सांगतो. पण तू पंख्याचा आवाज काय निवडत बसलीस गं? येत्या रविवारी गाडी घेऊन येतो. सामान बांधू नकोस, दिसेल.

दादा


गुरुवार, दुपार

दादा,

काल कॅबिनेट बसलं. काळं आहे, देखणं आहे. यांनी मशीन सुरू केलं आणि मला जवळ बोलावलं. "ऐक," म्हणाले. मी ऐकलं. काहीच नव्हतं.

आज सकाळी हे गेल्यावर मी त्याच्यावर हात ठेवला, तापलंय का बघायला. लगेच फोन. "अगं, बोटांचे ठसे उमटतात त्याच्यावर."

कालपासून मी घरात बसलेली नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते. बघत असतील तरी तेच, नसतील तरी तेच. रात्री कुशीवर वळतानाही विचार करते.

रविवारी हे घरी असतील, दार तेच उघडतील. तू आवाज चढवू नकोस. हे हळूच बोलतील आणि वाईट तू दिसशील. मला फक्त "चल" म्हण. मी चपला घातलेल्या असतील.

रविवारपर्यंत कशीबशी तग धरून असलेली,
ठमी


शुक्रवार, सकाळ. काल पत्र टाकायचं राहिलं. आज दुकानात पोचले तर हे गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले होते. मालकांना म्हणत होते, "इथेही एक कॅमेरा हवा. मी बसवून देतो, पैसे नकोत." मालक म्हणाले, "वा, बसा, चहा सांगतो." हे माझ्याकडे बघून हसले आणि भिंत मोजायला उठले. मी पर्स ठेवायला म्हणून आतल्या खोलीत गेले. फोन तिथे ठेवला आणि मागच्या दारानं बाहेर पडले. आता तुझ्याकडे येणाऱ्या बसमध्ये आहे. हे पत्र माझ्याजवळच आहे.