दोन झटक्यांचं झाकण

बाबा, तुमच्या झाकणाचा निकाल लागला. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, कोर्टाला आता सुचलं.

झालं असं, की गिरणीत कापड रंगवायच्या टाकीचं ते झाकण, पहिल्या झटक्यात मागून वाफ सोडणारं आणि दुसऱ्या झटक्यात उघडणारं, एका मोठ्या कंपनीने आपलाच शोध म्हणून त्याचं पेटंट घेतलं. आपल्या डोंबिवलीतला एक कारखानदार तसलीच झाकणं बनवतो, त्याच्यावर केस टाकली. हरला असता तर कारखान्याला कुलूप. त्याचे वकील ठाण्यात नौपाड्याला, दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत. चारच माणसं, पण काम हेच एक, शोध आधी कुणी लावला ते खणून काढायचं. शहाडच्या एका बंद पडलेल्या गिरणीच्या रंगखात्यात त्यांना जुनं झाकण सापडलं. ते कधीचं, हे सांगणारं जिवंत माणूस मी एकटी. मला रिक्षात घालून नेलं.

वकीलबाई माझ्या नातीच्या वयाची. म्हणाली, "आजी, तुमच्या वडिलांनी बनवलं एवढं पुरत नाही. बाहेरच्या कुणी पाहिलेलं का? लपवून ठेवलेलं असेल तर कोर्टात त्याला किंमत नाही."

"म्हणजे स्वतःची वस्तू झाकून ठेवली हाच गुन्हा? झकास कायदा आहे गं तुमचा."

ती हसली, पण पेन काही खाली ठेवलं नाही.

आणि तुम्ही तर कायम गोणपाट टाकून ठेवायचात. चुलीसमोर बसलेले दिसता अजून, हातावर टाकीच्या वाफेने भाजल्याचे लाल डाग, पुढ्यात आईचं डाळीचं पातेलं आणि त्यावर तुमचं पत्र्याचं झाकण. कडीला झटका देता, वाफ भिंतीकडे जाते, आई ओरडते, "डाळ कच्ची राहिली तर तुमच्या मशीनलाच वाढीन!" बाहेर पाऊल वाजलं की गोणपाट. "मालकाला कळलं तर म्हणेल, माझ्या पगारात केलंस, म्हणजे माझंच. नीट जमू दे, मीच नेऊन दाखवीन."

मी बारा वर्षांची टवळी. तुम्ही गिरणीत पाळीला गेल्यावर शेजारच्या काकूंच्या भावाला घरात बोलावलं आणि गोणपाट उचललं. तो शहाडच्या त्याच गिरणीत टर्नर. दोनदा झटका देऊन बघितलं, काडीने मापं घेतली. दोन महिन्यांत त्यांच्या टाक्यांवर तुमची झाकणं. मरताना तो मुलाला माझं नाव सांगून गेला, म्हणून वकिलांना माझं दार सापडलं. तुम्ही मला मारलं नाहीत. झाकण दारातल्या दगडावर ठेवून हातोड्याने चेपलंत आणि म्हणालात, "जा, हेही देऊन ये त्याला." त्यानंतर तुम्ही घरात साधा स्क्रूसुद्धा पिळला नाहीत.

हे सगळं कोर्टात सांगावं लागलं. समोरचा वकील म्हणाला, "आजीबाई, साठ वर्षांपूर्वीचं आठवतं, आज सकाळी काय खाल्लं ते आठवतं का?"

"उपमा. तिखट कमी होतं, ते तुमच्यात आहे."

पेटंट रद्द झालं. कारखानदार पेढे घेऊन आलेला, पाया पडला. तुम्हाला ज्याने संपवलं त्याच कामाचे पेढे, खोका न उघडताच शेजारी देऊन टाकला. वकीलबाईने निकाल वाचून दाखवला. माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव, ज्याने जन्मात बल्ब बदलला नाही. तुम्ही एकाच ठिकाणी, 'साक्षीदाराचे वडील'. म्हटलं, "नाव घाल की गं त्यांचं." म्हणाली, "आजी, निकालात आता आपल्याला काही घालता येत नाही."

हे लिहिलंय ते पोस्टाच्या कुठल्या पेटीत टाकणार? एक मात्र वकीलबाईलाही खरं सांगितलं नाही. तिने विचारलेलं, का दाखवलंत? मी म्हटलं, बापाचा अभिमान वाटला म्हणून. तिने तसंच टाईप केलं, मी शपथेवर सही केली. खोटं आहे ते. त्याच आठवड्यात तुम्ही माझी शाळा सोडवलीत, धाकट्यांना बघायला कुणी नाही म्हणून. मी रडत होते आणि तुम्ही मान वर न करता कानस घासत होतात. मला तुमचं काहीतरी मोडायचं होतं. ते एवढं मोठं असेल हे मला माहीत नव्हतं.