सातांतलं एक मत

११ ऑगस्ट, सोमवार

नोटीस लागली. तृतीय वर्ष कला — साक्षी, म्हणजे मी! वर्ग प्रतिनिधी मार्कांवर ठरतो, त्यामुळे कुणाच्या पाया पडायला लागलं नाही. खरी भानगड आता पुढं आहे. कॉलेजात वर्ग मोजून सात. कलेचे तीन, वाणिज्यचे तीन आणि विज्ञानाचा यंदाच सुरू झालेला एक. ह्या सात प्रतिनिधींनी आपल्यातलाच एक सचिव निवडायचा. मतदान २१ तारखेला.

मी उभी राहणार. कारण एकच — साडेपाच. जूनपासून सकाळचं कॉलेज मोडून अकरा ते साडेपाच केलंय. आमची सणसरची एसटी पाच-दहाची. ती चुकली की पुढची सव्वासातला, आली तर. शेवटच्या तासाला बसावं तर घरी बोलणी, न बसावं तर हजेरी जाते. पहिल्या वर्षाच्या सोनमला तर वडलांनी सांगूनच टाकलंय, दिवे लागल्यावर घरी आलीस तर कॉलेज बंद. आणि आता दिवस लहान व्हायला लागतील.

सचिवाला विकास समितीच्या बैठकीत खुर्ची असते. त्या खुर्चीवर बसून मला एवढंच म्हणायचंय, कॉलेज परत सकाळचं करा. दोन वर्षं मागच्या बाकावरून बडबड केली, आता समोर बसून करते.

१२ ऑगस्ट

समोर दिग्विजय उभा आहे. तृतीय वर्ष वाणिज्य. चुलते राजकारणात, दाराशी दोन स्कॉर्पिओ. मुलगा वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

आकडा मांडला. माझ्याकडची: स्वरूपा, सुमित, सोनम, ऋषिराज. चार, शिवाय मी. त्याच्याकडं तो स्वतः आणि त्याची मावसबहीण. पाच विरुद्ध दोन!

स्वरूपाचं तर लिहायलाच नको. पाचवीपासून बारावीपर्यंत एका बाकावर; मधे तिचं एक वर्ष गेलं म्हणून ती आता वाणिज्यच्या दुसऱ्या वर्षाला. सुमित आमच्याच वस्तीतला, त्याची आई भागुबाई आमच्या दारातून गेल्याशिवाय दळण नेत नाहीत. म्हणजे घरचं मत. ऋषिराजला जिल्ह्याच्या वक्तृत्वाचं भाषण मी लिहून दिलं. सोनमसाठी तर हे सगळं चाललंय.

१४ ऑगस्ट

आबांना सांगितलं. आबा म्हणजे माझे आजोबा, ज्ञानदेव. दूध संस्थेला तीनदा उभे राहिले, दोनदा पडले, तरी निवडणूक म्हटलं की डोळे चमकतात. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुझं सोताचं मत कुणाला? मी म्हटलं, मलाच की!

"सोताच्या नावावर सोता शिक्का मारायचा न्हाय, पोरी. लोकांवर भरवसा न्हाय असं लिहून दिल्यागत होतंय. आपलं मत समोरच्याला द्यायचं आन् लोकांच्या मतावर निवडून यायचं."

म्हणून दोनदा पडला, असं आजी चुलीपाशी पुटपुटली. पप्पा हसले. मी पण हसले. पण डोक्यात बसलंय. हिशेब करून पाहिला: माझं त्याला दिलं तरी मला चार, त्याला तीन. निवडून येतेच. मग आबांचं राखायला काय हरकत आहे?

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. दिग्विजयनं सगळ्या प्रतिनिधींना जिलेबी वाटली. मला दोन दिल्या. खाल्ल्या.

१८ ऑगस्ट, सोमवार

काल दिग्विजयनं पोरांना भिगवणला मासे खायला नेलं! सुमित आणि ऋषिराज दोघंही गाडीत. इथं हीच रीत — पंचायत असो, सोसायटी असो, मतदानाआधी मतदार फिरवून आणायचे. पण कॉलेजात? आणि श्रावणात?

सकाळी दोघांना गेटवरच पकडलं. ऋषिराज म्हणाला, आमच्या घरात श्रावण पाळतात, मी नुसता वरणभात खाल्ला, मीठसुद्धा वरून घेतलं नाही. जसं काही मिठाला जागायचा प्रश्नच मिटला! सुमितनं मासे खाल्ले. आमच्यात श्रावण नाही, त्यामुळं त्याला तेवढीही पळवाट नाही. तो म्हणाला, "त्याचं खायचं आन् तुला द्यायचं. त्याचाच खर्च करायचा, कळलं का?" मला पटलं. मी हसलेसुद्धा.

सोनम आणि स्वरूपाला पण निरोप होता, त्याची बहीण मुलींना मयूरेश्वर अभयारण्यात हरणं दाखवायला नेणार म्हणून. सोनम गेली. घरून सोडलं हेच तिला अप्रूप. स्वरूपा गेली नाही. सोमवारचा उपास आहे म्हणाली. मी म्हटलं, अगं, काल रविवार होता! तर म्हणाली, आदल्या दिवशी दगदग नको. अशी ही माझी स्वरूपा, निमित्तसुद्धा धड काढता येत नाही. माझ्यासाठी नाही म्हणाली आणि सांगायला लाजली.

२० ऑगस्ट

चौघांशी बोलले. चौघांनी हात हातात दिला. झोपते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सहा — एक.

२२ ऑगस्ट

काल लिहवलं नाही. आज लिहिते.

मतदान ग्रंथालयात झालं. मतपेटी म्हणून सूचना पेटी ठेवली होती, आतल्या जुन्या सूचना काढून. भूगोलाच्या सरांनी प्रत्येकाला दोन नावांची चिठ्ठी दिली. कपाटाच्या आड जायचं, खूण करायची, घडी घालून टाकायची. मी आड गेले. पेन माझ्या नावापाशी थोडं थांबलं, खोटं कशाला लिहू. मग आबा आठवले. दिग्विजयपुढं खूण केली आणि मोठ्या तोऱ्यात बाहेर आले. वाटलं, मी आबांचीच नात!

सर एकेक चिठ्ठी उघडून वाचायला लागले. दिग्विजय. दिग्विजय. मी म्हटलं, ही त्याच्या बहिणीची आणि माझी. दिग्विजय. ही त्याची स्वतःची. आता माझी चार येणार. चौथी — साक्षी. मी स्वरूपाकडं बघून हसले. पाचवी दिग्विजय. सहावी दिग्विजय. सातवी वाचताना सरांनी माझ्याकडं बघितलंच नाही.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजतात.

सगळ्यांना वाटतंय ते एक माझं स्वतःचं. कुणी तरी मागं म्हणालंच, बिचारीला स्वतःचंच पडलं. कसं सांगू, माझं तर मी तिकडं दिलं! मग एक कुणाचं? चौघांतल्या एकानं दिलं. तिघांनी माझा गळा कापला.

संध्याकाळपर्यंत चौघंही येऊन गेले. एकेकटे. प्रत्येकानं सांगितलं, माझं तुलाच होतं, बाकीच्यांनी दगा दिला. चार माणसं आणि मत एक!

२३ ऑगस्ट

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "एक हाय न्हवं? मग त्यो माणूस हुडकून काढ. तेवढाच तुझा."

आजी म्हणाली, स्वतःचं दिलं असतंस तर दोन झाली असती. तिला म्हणावं, दोन आणि पाच, काय फरक पडला असता? पण पडला असता. रडले. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणजे मला मोकळेपणी रडता यावं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सोनम कबूल झाली. आपणहून! पाण्याच्या टाकीपाशी गाठून म्हणाली, ताई, मी त्याला दिलं, मला झोप लागंना. का, विचारलं. "तुमी बैठकीत बोलला असता, ताई. त्याचे चुलते फोन लावत्यात." एवढंच. अठरा वर्षांची पोर, आणि मला राजकारण शिकवून गेली. रागावताही येईना. चला, एक गेली. राहिले तीन.

२६ ऑगस्ट

सुमितशी भांडले. वस्तीत, सगळ्यांदेखत. तू मासे खाऊन विकला गेलास, असं तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, आईची शपथ, तुलाच दिलं. भागुबाई बाहेर आल्या. पोराची बाजू घेतील वाटलं, पण त्या नुसत्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, सुमितकडं बघत. तो खाली बघत होता.

आई मला हाताला धरून घरात घेऊन आली. उद्यापासून गणपतीची सुट्टी. बरं झालं.

१ सप्टेंबर, सोमवार

सुट्टी संपायच्या आतच ग्रुपवर विद्यार्थी मंडळाची यादी आली. क्रीडा प्रमुख — ऋषिराज. सांस्कृतिक प्रमुख — सुमित. सही, सचिव दिग्विजय.

नुसता वरणभात म्हणे! आणि आईची शपथ म्हणे! तोंडावर ‘नाही’ म्हणाले असते तर एवढं लागलं नसतं. सोनमचं नाही लागलं एवढं. सुमितचं सगळ्यात लागलं. आम्ही दोघं एकाच टोपलीतल्या भाकरी खाऊन मोठे झालो.

यादीत स्वरूपाचं नाव कुठंच नाही. तीनदा वाचली. नाही.

म्हणजे ती. तीच! मला आधीच कळायला हवं होतं. सरांनी माझं नाव वाचलं तेव्हा मी उगाच तिच्याकडं बघून हसले का?

३ सप्टेंबर

स्वरूपाच्या घरी गेले. गौरी-गणपती गेल्यावरचा पसारा आवरत होती. तिची आई कुशाबाई, त्यांनी करंज्या पुढं केल्या. आम्ही माळवदावर गेलो आणि मी तिला सगळं सांगितलं. माझं मत मी दिग्विजयला दिलं हेही. घरच्यांशिवाय हे फक्त तिला ठाऊक. ती दचकली, एवढी दचकली की हातातली करंजी खाली पडली. म्हणाली, येडी आहेस का तू!

मग मी म्हटलं, म्हणजे बघ, ते एक मत तुझं. सातांत तू एकटी माझी निघालीस.

तिनं खाली पडलेली करंजी उचलून बाजूला ठेवली. मग माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मग दुसरं कुणाचं असणार?"

दोघीही रडलो. आज पंधरा दिवसांनी पोटभर जेवले.

५ सप्टेंबर

आबांना म्हटलं, माणूस सापडला. त्यांनी नाव विचारलं. सांगितल्यावर मान डोलावली, म्हणाले, त्या पोरीचा पाव्हणचार करा एकदा. आई रविवारी तिला जेवायला बोलावणार आहे. पुरणपोळी.

८ सप्टेंबर, सोमवार

स्वरूपाला माझ्या इतिहासाच्या तिन्ही वह्या देऊन टाकल्या. तिला पुढच्या वर्षी बाहेरून कला शाखेला बसायचंय. वह्या कुणाला देत नाही मी. तिला दिल्या. काल जेवताना आजीनं तिच्या पानात तूप वाढलं आणि म्हणाली, आमच्या साक्षीला तूच सांभाळलीस. स्वरूपानं मान वर केली नाही. गुणाची आहे, कौतुक सोसत नाही तिला.

सुमित स्टँडवर समोर आला होता. मी तोंड फिरवलं. आता मला कुणाची गरज नाही, एक आहे ती पुरे आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

एसटी पावणेसहाची झाली! दिग्विजयच्या चुलत्यांनी डेपोत फोन केला म्हणे. बैठक नाही, अर्ज नाही, काही नाही. मी तीन महिने कॉलेज हलवायला निघाले होते आणि त्यानं गाडीच हलवली. इतकी सोपी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती!

पोरींनी गाडीत त्याच्या नावानं टाळ्या वाजवल्या. सोनम मला बघून थांबली. मी म्हटलं, वाजव गं, काम केलंय त्यानं. हे म्हणायचं नव्हतं. पण म्हटलं.

काम झालं, आता हरल्याचं वाईट वाटत नाही. फसवल्याचं वाटतं. ते जात नाही. मग स्वरूपाकडं बघते आणि थोडं कमी होतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दिग्विजय ग्रंथालयात भेटला. एसटीबद्दल त्याला चांगलं बोलले. तो अवघडला आणि एकदम म्हणाला, तू मला मत दिलंस ना? सहा पडली तेव्हाच कळलं. माझी पाचच होती — बहीण, सुमित, ऋषी, सोनम, स्वरूपा. "मी माझं तुला टाकलं गं. म्हटलं, पोरीला अगदीच शून्य नको."

मी त्याला थँक्यू म्हणाले.