बिरामची गाडी दारात होती तेव्हा

पिकिन, शुक्रवार

प्रिय कुंबा,

तुझा निरोप येऊन अकरा दिवस झाले. उत्तर लिहिण्यास रोज बसतो आणि दुसरेच काही लिहून कागद बाजूला ठेवतो. तुझी आई गेल्यापासून शेजारची सोखना दुपारी मासे-भाताची थाळी पाठवते. मी अर्धी परत करतो, म्हणून ती रागावते. "मास्तर, भातालाही तुम्ही वहीसारखेच गुण देता, पुरे कधीच नाहीत." मी थकलो आहे, कुंबा. झोपेने जाणारा हा थकवा नव्हे.

आईवरचे तुझे गाणे हल्ली गल्लीतल्या प्रत्येक दारातून ऐकू येते. तू सोळा वर्षांची असताना तुझ्या रॅपच्या वहीतले व्याकरण मी लाल शाईने सुधारले होते. "बाबा, ही गल्लीची बोली आहे, तुमची परीक्षा नाही," असे म्हणत तू वही ओढून घेतलीस आणि तुझी आई मारेम पदराआड हसत राहिली. पुढे तुझ्याबरोबरीची मुले भाड्याच्या मोटारींसमोर उभी राहून श्रीमंती गाऊ लागली. तू मात्र तुंबलेली गटारे आणि कुलूप लागलेला दवाखाना गायलीस. "जे आपल्या दारात घडलं नाही, ते मी माइकसमोर म्हणणार नाही," असे तू म्हणायचीस. मला ती गर्वोक्ती वाटे. लोक तुझे ऐकतात ते त्याच एका गोष्टीमुळे, हे मला फार उशिरा उमगले.

गाण्यात तू म्हणतेस, आई अंगणात कोसळली, रुग्णवाहिका पाण्यामुळे मशिदीपलीकडेच अडली आणि दीड तासाने तिला वाळूच्या घोडागाडीवरून न्यावे लागले. तो दीड तास नगरपालिकेने गिळला, असे तुझे पालुपद आहे. तू त्या दिवशी दूर झिगिंशोर शहरात कार्यक्रमात होतीस. तुला ठाऊक आहे ते मी सांगितले तेवढेच. रस्ता बुडाला होता, हे खरे. गटारे तीन वर्षे उपसली नव्हती, हेही खरे. तासभर आधी आणले असते तर आशा होती, असे डॉक्टर म्हणाले, तेही खरे.

परंतु बिराम गाडीवाला पाचव्या मिनिटालाच दारात आला होता. गाडीतली वाळू रस्त्यावर ओतून, सोखनाची गादी अंथरून. "मास्तर, घोडा शाळेत गेलेला नाही, पण हा रस्ता त्याला तोंडपाठ आहे. वहिनींना उचला." मी नको म्हणालो. ज्या गल्लीने चौतीस वर्षे मला अदबीने वाट दिली, तिच्यातून माझी पत्नी विस्कटलेल्या वस्त्रांनी, वाळूच्या गाडीच्या फळ्यांवर पडून, सर्वांदेखत जाणार, हे मला सोसवेना. रुग्णवाहिका येईल, असे मी वर्गातल्या स्वरात सांगितले. त्या स्वरापुढे आपल्याकडे कोणी बोलत नाही. मारेमची वाचा गेली होती. जो हात हलत होता, त्याने तिने गाडीकडे बोट दाखवले. ते मी पाहिले. बिराम गेला नाही. लगाम धरून तो गुडघाभर पाण्यात दीड तास उभा राहिला.

तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही कोणी याचा शब्द काढला नाही. दुसऱ्याच्या लाजेवर पांघरूण घालण्याची आपली सुतुरा साऱ्या गल्लीने पाळली. तुझ्या गाण्यावर ते माना डोलावतात आणि मी जवळ आलो की आवाज कमी करतात.

तू निरोपात मागितले आहेस ते एवढेच: गाणे आता स्टुडिओत नव्याने ध्वनिमुद्रित होताना आरंभी माझ्या आवाजात साक्षीची दोन वाक्ये. "मी तिथे होतो. रस्ता असता तर ती जगली असती." ती मला म्हणता येणार नाहीत, हे कळवण्यासाठी हे पत्र. बुधवारी मी स्टुडिओत येईन आणि असे म्हणेन: "रस्ता बुडाला होता. गाडी दारात होती. मी ती थांबवून ठेवली." हे घेतलेस, तर नगरपालिकेतले लोक हसतील आणि तुझ्या गाण्याचे काय उरेल, ते मला सांगता येत नाही. ते घ्यावे की गाणेच ठेवू नये, हे तू ठरव. माझे तोंड पाहणे तुला नको असेल, तर दार दुसऱ्या कोणाला तरी उघडायला सांग. मी बोलेन आणि निघून जाईन.

तुझाच,
बाबा