पाचवी खुर्ची

३ मार्च, सोमवार

आजपासून डायरी. फक्त स्वतःसाठी. पुढेमागे नंदुरबार जिल्ह्यातल्या क्वीअर चळवळीचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर साधन हाताशी असावं, एवढाच हेतू.

नऊ दिवसांचा ऑनलाइन कोर्स काल संपला. मुख्य शिकवण: माणूस एकाच ओळखीचा नसतो. जात, जमात, धर्म, लिंग, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. याला इंटरसेक्शनॅलिटी म्हणतात. हा शब्द माहीत असलेला शहाद्यात बहुधा मी एकटाच. जबाबदारी वाटते.

संकल्प: जिल्हा समन्वय मंच. दुकानाच्या वर हॉल रिकामा आहे. पाच खुर्च्या, पाच ओळखी, प्रत्येकीवर पाटी. ट्रान्स. आदिवासी. अल्पसंख्याक. लेस्बियन. गे पुरुष. एका माणसाला एकच खुर्ची, नाहीतर गोंधळ होतो. मी संयोजक. संयोजकाने कुठल्याच चौकटीत बसू नये, उभं राहावं.

पप्पांना (अमरचंद, वय ६८, साड्यांचं दुकान) काही सांगितलेलं नाही. मारवाडी जैन घर, त्यात ती पिढी. मानसिक तयारी शून्य. हॉल कशाला म्हणाले. ग्राहक जागृतीसाठी म्हटलं. त्यांनी किल्ली दिली आणि आधी पंखा दुरुस्त करून घे म्हणाले.

५ मार्च, बुधवार

पहिला सदस्य: अकील. आमच्याच दुकानात मशीन टाकून बसतो, पिको-फॉल आणि ब्लाउज. खुर्ची क्र. ३, अल्पसंख्याक.

इथे स्पष्ट लिहायला हरकत नाही. मी आणि अकील सहा वर्षं एकत्र आहोत. (हा शब्द पहिल्यांदाच लिहिला. खोडणार होतो, पण खाडाखोड वाईट दिसते.) रोज चार ते पाच आम्ही दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत चहा घेतो. सध्या त्याचा रोजा, म्हणून मी एकटा घेतो. सॉलिडॅरिटी म्हणून बिस्किट खात नाही. त्या वेळात पप्पा नेमके 'बँकेत जाऊन येतो' म्हणून बाहेर पडतात आणि पाचला दारातूनच मोठ्यांदा खोकत आत येतात. बँकेचे व्यवहार चारला बंद होतात हे सहा वर्षांत त्यांच्या लक्षात आलेलं नाही. वय.

अकीलने यादी वाचली. पाचवी खुर्ची कोनी शे, कोनाकरता, म्हणाला. शोध चालू आहे, असं सांगितलं. त्याने दाताने दोरा तोडला आणि पुढचं ब्लाउज घेतलं. दोंडाईच्याची मुलगी बघायला कधी जातोस, असंही विचारलं. ईदनंतर, म्हटलं. तो नुसता कार्यक्रम आहे, घरच्यांचं मन राखायला. हे त्याला समजावलं. समजलं असावं.

८ मार्च, शनिवार

चांदनीला भेटलो. ट्रान्स स्त्री, मूळची धडगावकडची, पावरा. दर गुरुवारी बाजारात फिरते, सगळ्या दुकानदारांशी ओळख. पप्पा तिला बसायला स्टूल देतात. त्याला सरंजामशाहीचा वास येतो.

अडचण उद्भवली. चांदनी ट्रान्सही आहे आणि आदिवासीही. खुर्ची एकच मिळेल, तुम्हीच निवडा, असं नम्रपणे सांगितलं. ती म्हणाली, 'भाऊ, मी दोन्ही शे. कोनती चांदनी घर ठेईसन येऊ?'

प्रश्न भावनिक आहे. शेवटी मीच तिला ट्रान्समध्ये टाकलं. आदिवासी खुर्ची रिकामी, शोध घ्यावा लागेल.

चांदनी पाचसहा जणींचे ओळखपत्राचे अर्ज भरून देते म्हणे, कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारते. चांगलं काम आहे, पण त्याला राजकीय दृष्टी नाही. मंचावर ती मिळेल.

१३ मार्च, गुरुवार

पहिली बैठक. वेळ चारची. तारीख विचार करून ठेवली होती. जागतिक दिनांची यादी पाहिली, आज कुठलाच दिन नव्हता. सामोसे पंधरा, चहा.

४:१५. कुणी नाही.
४:४०. कुणी नाही. पंखा व्यवस्थित फिरतो आहे.
५:१०. चांदनीला फोन. मागे ढोल. ती धडगावला होळीला गेली आहे, आज होळी आहे, डोंगरातलं कुणी आता आठवडाभर खाली उतरणार नाही. अकील म्हणाला, रोज्यात सामोसे कोण खाणार होतं.

निष्कर्ष: समाजात अजून नियोजनाची सवय नाही. सामोसे मम्मीने शेजारी वाटले.

१६ मार्च, रविवार

ब्राह्मणपुरीला जाऊन आलो. तिथे जसोदाबाई आणि दिवलीबाई एका घरात बावीस वर्षं राहतात. जसोदाबाई अंगणवाडीत, दिवलीबाई शेती बघते. गाव त्यांना जोडीनेच लग्नाची पत्रिका देतं. खुर्ची क्र. ४ साठी उत्तम, पण जाणीव किती हे तपासणं आवश्यक होतं. तुम्ही स्वतःला काय म्हणवता, असं विचारलं. जसोदाबाई म्हणाली, जसोदाबाई. दिवलीबाई हसली. मी लेस्बियन शब्दाची माहिती दिली, पंधरा मिनिटं. ऐकून जसोदाबाई म्हणाली, 'आम्ही एकच रेशनकार्डवर शेतस. आजून काय पायजे?'

निघताना दिवलीबाईने गवारीच्या शेंगा दिल्या. जाणीव कमी, पण दुसरा उमेदवार नाही. घेतलं.

६ एप्रिल, रविवार

दोंडाईच्याला किंजलला पाहायचा कार्यक्रम. बी.फार्म, समंजस वाटली. आम्हाला दहा मिनिटं वेगळं बसवलं. विचारांची ओळख आधीच व्हावी म्हणून मंचाविषयी सांगितलं. ओळखी कशा एकमेकांना छेदतात ते हाताने दाखवलं. दहाची पस्तीस मिनिटं झाली. पाच खुर्च्याही सांगितल्या.

तिने एकच प्रश्न विचारला. 'आणि तुम्ही यांत कुठे?'

संयोजक, म्हटलं. ती बरं म्हणाली आणि पाणी प्यायली.

८ एप्रिल, मंगळवार

किंजलचा नकार. मुलगा चांगला आहे, पण त्याचं कुठेतरी ठरलेलं दिसतं, असा निरोप. राजकीय जाणिवेचा नवरा सगळ्यांना झेपत नाही. मम्मी रडली. पप्पांना बिचाऱ्यांना इतका धक्का बसला की त्यांनी कचोऱ्या मागवल्या.

चारला अकीलला बातमी दिली. वाटलं बरं वाटेल. तो म्हणाला, यावेळी तिने नाही म्हटलं. पुढच्या वेळी एखादी हो म्हणेल, मग तू काय करशील? मी म्हटलं, प्रश्न गुंतागुंतीचा आहे. त्यावर त्याने सांगितलं की सुरतेत मामेभावाचा शिलाईचा कारखाना आहे, तिथे माणूस हवाय. २१ तारखेची, सोमवारची सकाळची गाडी. 'मी तुले मन्हासंगे लगीन कर असं सांगी नही ऱ्हायना. एक डाव तुन्हा बापले सांग, मी शे म्हनीसन. तितलंच. रविवारलोक वाट पाहसु.'

हे मनाला लागलं. जेवण गेलं नाही. त्याच्याशिवाय चार वाजतात कसे, हे मला माहीत नाही.

संकल्प: पप्पांना सांगायचं. २० तारखेच्या रविवारच्या आत. आधी त्यांची हळूहळू तयारी करून घ्यायची.

१४ एप्रिल, सोमवार

तयारी सुरू. जेवताना पप्पांना विचारलं, माणसाच्या ओळखीविषयी तुमचं मत काय. ते म्हणाले, आधार कार्ड कपाटात वरच्या खणात आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

आज पप्पांनी स्वतःच विषय काढला, पण वेगळाच. अकील सुरतेला चाललाय म्हणे, तुला काही सांगायचं आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, त्याच्या जागी दुसरा पिकोवाला बघावा लागेल. पप्पा साडीची घडी घालायला लागले. घातलेली घडी मोडून परत घातली. वय.

थेट सांगण्यात धोका आहे. त्यापेक्षा रविवारची बैठक भव्य करावी. आधी वातावरण, मग सत्य.

२० एप्रिल, रविवार

बैठक झाली. ऐतिहासिक. तपशील:

दुपारी तीन. चांदनी आली. तिला धडगावहून घेऊन येणारा जीपवाला डोंगरसिंग जिन्यात थांबला होता. आदिवासी आहात ना, विचारलं. हाव म्हणाला. खुर्ची क्र. २ वर बसवलं. 'मी ते गाडी लई उनू भाऊ,' असं तो दोनदा म्हणाला, पण पाटी लागली होती. चांदनीने त्याच्या पाटीकडे पाहिलं, मग स्वतःच्या, आणि कपाळाला हात लावला.

जसोदाबाई आणि दिवलीबाई दोघी आल्या. खुर्ची एक. मी नियम समजावला. त्या दोघी एकाच खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या बसल्या. ते बघून पप्पा खालून घडीची खुर्ची घेऊन स्वतः जिना चढून आले. गुडघे दुखतात तरी. खुर्ची दिवलीबाईला दिली आणि दाराशीच उभे राहिले. मी घाबरलो. पण त्यांचा चष्मा नेहमीप्रमाणे कपाळावर होता, आणि चष्म्याशिवाय त्यांना साडीवरचं लेबलही वाचता येत नाही, तेव्हा पाट्यांची चिंता नव्हती.

माझं प्रास्ताविक पन्नास मिनिटं. 'आपण वंचितांचा आवाज ऐकला पाहिजे' इथवर आलो असताना अकीलने हात वर केला. सगळ्यांसमोर विचारलं, 'रिषभ, पाचवी खुर्ची कोनी शे?'

चांदनी माझ्याकडे बघत होती. जसोदाबाई बघत होती. पप्पाही.

मी म्हटलं, योग्य उमेदवाराचा शोध चालू आहे.

अकील उठला. 'अल्पसंख्याक'ची पाटी काढली, सरळ केली, खुर्चीवर ठेवली. मशीन बांधायचंय म्हणाला आणि जिना उतरला. त्याची चप्पल जिन्याच्या कोणत्या पायरीवर वाजते हे मला पाठ आहे. सगळ्या वाजल्या.

मग पप्पांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. एकेक पाटी ओठ हलवत वाचली. पाचवीपाशी येऊन खिशातला पांढरा रुमाल काढला आणि त्या खुर्चीवर टाकला, एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकतात तसा. 'जागा धरेल शे,' म्हणाले. 'पन गाडी जास्ती थांबत नही.' आणि खाली गेले.

त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. बहुधा खुर्चीवर धूळ होती.

उरलेल्या वेळात चांदनीने पिशवीतून अर्ज काढले. डोंगरसिंगच्या गावातल्या एकीचा होता, तो भरला. जसोदाबाईचं अक्षर चांगलं, तिने लिहिलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इथेच जमायचं असं त्यांनी परस्पर ठरवलं. माझ्याकडे किल्ली आणि पिण्याचं पाणी. नेतृत्व विकेंद्रित झालं, हे यशच.

२१ एप्रिल, सोमवार

७:३५. पप्पा देरासरात दर्शन करून उशिरा आले. खिशात रुमाल नाही. वाटेत एसटी स्टँडवर गेलो होतो म्हणाले. अकीलच्या बाजूची सीट रुमाल टाकून धरली आहे, गाडी साडेआठची, कंडक्टरला सांगून ठेवलंय. मशीन जड आहे, उतरवायला सोबत हवी असा त्यांचा हेतू असणार. भला माणूस. कल्पना कशाचीच नाही.

७:४०. निर्णय: जायचं. स्टँड चालत सात मिनिटं. भरपूर वेळ आहे.

७:४५. अकीलला काय सांगायचं ते आधी लिहून काढावं. भावनेच्या भरात शब्द चुकतात.

८:०५. मुद्दा एक झाला: माझ्या सामाजिक स्थानाची कबुली. मुद्दा दोनची सुरुवात जमत नाही.

८:२०. तीन मुद्दे. शर्ट बदलला.

८:२८. अकीलचा मेसेज: 'सीटवर तुन्हा बापना रुमाल शे. कंडक्टर पुशी ऱ्हायना, कोन येनार शे का? रुमाल उचलू का?'

८:२९. उत्तर पाठवलं: पाच मिनिटांत सविस्तर कळवतो.

८:३७. अकील: 'एक बाई उभी व्हती. तिले बठाडं.'

११:००. पप्पांनी कपाटातून दुसरा रुमाल काढून खिशात ठेवला. उद्या बी साडेआठनीच गाडी शे, एवढंच म्हणाले.

मी मागच्या खोलीत जाऊन रडलो. पप्पांना ठाऊक होतं. केव्हापासून, ते विचारायची हिंमत नाही.

संकल्प: उद्या सकाळी डायरी लिहायची नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी ८:१०. लिहायचं नाही असं ठरलं होतं, त्याबद्दल दोन शब्द. बॅग भरली आहे. दोन वेळा रिकामी करून पुन्हा भरली. पप्पा पावणेसातलाच बाहेर पडले आहेत.

८:२२. मला भीती वाटते. एवढंच आहे. बाकीचं सगळं मी कोर्समध्ये शिकलो.

८:३१. स्टँडकडून हॉर्न ऐकू आला. दुसऱ्या कुठल्या गाडीचाही असेल.

८:५०. पप्पा चालत परत आले. रुमाल हातात होता. त्यानेच चष्मा पुसला आणि चल, दुकान उघडू म्हणाले.

दुपारी ४:००. आज पप्पा बँकेत गेले नाहीत. गादीवरच बसून राहिले. चहा नेहमीप्रमाणे दोन आले. एक त्यांनी घेतला.