आईचा दुधाचा नेम

सदाशिव पेठ, पुणे
श्रावण, २००५

प्रिय ताई,

समोरच्या इमारतीतला सुदर्शन त्याच्या कंपनीच्या कामासाठी शनिवारी तुमच्या सॅन होजेला निघतोय, त्याच्याबरोबर हे पत्र देते आहे. ई-मेल केला असता, पण नेट कॅफेत शेजारच्या खुर्चीवरचा माणूस माझ्या पडद्यात डोकावत असतो. आणि फोन तर आईच्या उशाशीच.

तुझा रविवारचा फोन म्हणजे आमच्याकडे सण असतो. आई सकाळपासून तयारीला लागते. केमोनं केस गेलेत, त्यावर तू पाठवलेला निळा रुमाल बांधते, इस्त्रीची साडी नेसते. फोनवर कोण बघणार आहे गं तिला? एकदा तसं म्हणाले, तर म्हणे, "आवाजात कळतं." मग तुला खणखणीत आवाजात सांगते, "मी छान जेवते." फोन ठेवला की आडवी होते आणि उलटीचं भांडं धरायला मी असते. तुझ्या वाट्याला तो आवाज, माझ्या वाट्याला भांडं. लहानपणी आई शिकवायची, दुसऱ्याच्या पानात बघू नये. अक्षरं गिरवायच्या आधी मी हे शिकले होते. आणि आता उठता-बसता तुझ्याच पानात बघते आहे.

खाण्याचं म्हणशील, तर ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो. डॉक्टर म्हणतात, पोटात टिकेल ते द्या. हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाई म्हणतात, दूध, पनीर, डाळी वाढवा, पांढऱ्या पेशी कमी आहेत तोवर कच्चं काही नको. वरच्या मजल्यावरच्या गोदाबाईंना दह्याची भीती, वैद्यांचा भर मुगाच्या कढणावर. मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा विचारते आणि तरी वरणाला फोडणी देताना हात थांबतो, यानं हिला काही होणार तर नाही ना. अशात तू इंटरनेटवर कुठंतरी वाचलंस आणि फोनवर सांगितलंस, "आई, साखर-गूळ बंद कर, दूधही नको, गव्हांकुरांचा रस घे." झालं! एका वाक्यात निकाल लागला. माझी खीर वाटीतच राहिली. "नंदू बाहेर राहते, तिला कळतं," म्हणाली. मी काय, मी घरातली. गोदाबाई परवा म्हणाल्या, "मोठीला केवढी काळजी हो! इतक्या लांबून लक्ष आहे." त्या हे बोलत होत्या तेव्हा मी त्यांच्यासमोर मिक्सरमध्ये तुझे गव्हांकुर वाटत होते.

तुला एक गोष्ट माहीत नाही. तू सांगितलंस ते पथ्य आईनं पथ्य म्हणून ठेवलंच नाही. आषाढी एकादशीला आंघोळ करून देवापुढे बसली, हातावरून पाणी सोडलं, आणि त्याचा चातुर्मासाचा नेम करून टाकला. दूध-दुभतं आणि गोड, कार्तिकीपर्यंत वर्ज्य. तू सुखी राहावीस म्हणून, हेही वर. माझ्यासाठी तिनं कधी साधी सुपारी सोडल्याचं आठवत नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी केमो दिली नाही. वजन फार उतरलंय, अंगात ताकद नाही. खाणं वाढलं नाही तर पुढचे उपचार झेपणार नाहीत म्हणाले. आहारतज्ज्ञ बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कॅन्सरचं आम्ही बघतो, उपासमारीचं तुम्ही बघा." मान खाली घालून घरी आले. आईला समजावलं, रडून झालं, भांडूनही झालं. तिचं एकच, "नंदूच्या शब्दावर नेम घेतला, तिनंच सोडवला तर सुटेल."

काल कढणात दुधाची पावडर मिसळावी असं मनात आलं. डबा उघडला, चमचाही भरला. मग झाकण परत लावलं. माझ्या हातचं ती न बघता तोंडात घालते गं. तेवढं एक तरी माझं आहे, ते मला घालवायचं नाही.

म्हणून हे पत्र. वाचलंस की रविवारची वाट बघू नकोस, लगेच फोन कर. तिला सांग, "आई, मीच सांगते आहे, नेम सोड. दूध घे, खीर खा, आणि तो कच्चा रस बंद कर." माझं नाव काढू नकोस, मी सांगायला लावलं असा नुसता वास आला तरी ती ऐकायची नाही. तुझ्याच मनातलं म्हणून सांग. मग ती पेला हातात घेईल, माझ्याकडे बघून म्हणेल, "बघ, नंदूला बरोबर कळतं." गोदाबाईंना बोलावून पुन्हा सांगेल. मी तिथंच उभी असेन, माझा जीव जळेल. जळू दे. ती पीत असेल ना, तेवढं पुरे. दूध मी तापवून ठेवते आहे.

फोनची वाट आईइतकीच बघणारी,
तुझीच,
पूर्णिमा